भूक आणि व्यसन यांची गल्लत

'अल्ट्रा-प्रोसेस्ड पीपल' (2023) हे ख्रिस व्हॅन टुलेकेन यांचे पुस्तक शिक्षकांनी अवश्य वाचावे. मात्र त्यातील एका मुद्द्याशी माझे भांडण आहे.

लेखक लंडनमधले डॉक्टर. महिनाभर त्यांनी आहारातले 80 टक्के उष्मांक कारखान्यात बनलेल्या पाकीटबंद पदार्थांतून घेतले आणि त्यांचे वजन सुमारे सहा किलोंनी वाढले. एका माणसावरचा प्रयोग म्हणजे पुरावा नव्हे, हे तेही जाणतात. पुस्तकाचा खरा पाया आहे तो ब्राझीलमध्ये. साओ पाउलो विद्यापीठातील कार्लोस मोंतेरो यांच्या लक्षात आले, की कुटुंबे साखर आणि तेल पूर्वीपेक्षा कमी विकत घेत आहेत, तरी लठ्ठपणा वाढतोच आहे. मग साखर-तेल गेले कुठे? ते बिस्किटांतून, शीतपेयांतून, झटपट शेवयांतून घरात येत होते. म्हणून 2009 साली मोंतेरो यांनी अन्नाची विभागणी पोषकद्रव्यांऐवजी प्रक्रियेवरून करावी असे सुचवले. शेवटच्या गटाला आपण 'अतिप्रक्रियित' म्हणू : घरच्या डब्यात न सापडणारे घटक, उदाहरणार्थ पायसीकारके किंवा कृत्रिम स्वाद, वापरून तयार केलेला माल.

हे पदार्थ माणूस जास्त खातो का? याचे उत्तर अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी 2019 साली दिले. वीस जणांना चार आठवडे रुग्णालयात ठेवले. दोन आठवडे अतिप्रक्रियित जेवण, दोन आठवडे साधे. समोर ठेवलेल्या ताटांत उष्मांक, साखर, स्निग्धांश, मीठ, तंतू सारखेच. हवे तेवढे खा, एवढीच सूचना. अतिप्रक्रियित जेवणाच्या काळात माणसे रोज सुमारे 500 किलोकॅलरी जास्त खात होती, वजन 0.9 किलोने वाढले, साध्या जेवणावर तेवढेच घटले. गंमत म्हणजे चवीला दोन्ही जेवणे त्यांना सारखीच आवडली होती. फरक होता खाण्याच्या वेगात. मऊ, कमी चावावे लागणारे अन्न भराभर पोटात जाते आणि 'पुरे' हा निरोप मेंदूला पोचेपर्यंत ताट रिकामे झालेले असते.

इथपर्यंत ठीक. पुढे लेखक या पदार्थांची तुलना तंबाखूशी करतात आणि 'व्यसन' हा शब्द येतो. व्यसन मोजायचे कसे? अॅश्ली गिअरहार्ट आणि सहकाऱ्यांनी 2009 साली येल विद्यापीठात एक प्रश्नावली तयार केली; 2016 च्या सुधारित आवृत्तीत 35 प्रश्न आहेत. ठरवले त्यापेक्षा जास्त खाल्ले का, त्रास होईपर्यंत खाल्ले का, कमी करण्याचा प्रयत्न फसला का, असे. ब्राझीलमधल्या गरीब वस्त्यांतल्या स्त्रियांनाही ही मोजपट्टी लावली गेली आहे. माझी शंका इथे सुरू होते.

मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 साली अॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी पुरुषांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. आहार बटाटे, पाव, सलगम असा साधा. उपासमार संपल्यावर त्यांतले काही जण पोट तुडुंब भरले तरी थांबेनात. पायसीकारक नव्हते, झगमगीत पाकीट नव्हते. त्यांना येलची प्रश्नावली दिली असती, तर कित्येक जण 'व्यसनी' ठरले असते!

आता अशी स्त्री डोळ्यांसमोर आणा, जी महिनाअखेर मुलांना वाढून स्वतः उपाशी झोपते आणि पैसे हाती आल्यावर पोटभर, कदाचित जास्तच, खाते. प्रश्नावली तिला गुण देणारच. अमेरिकेतही, जिथे घरात अन्नाची शाश्वती नाही तिथे या मोजपट्टीवरचे गुण जास्त आढळले आहेत. हे पदार्थाचे व्यसन की उपासमारीचा परिणाम, ते गुणांवरून कळत नाही.

लेखक गरिबीविषयी तळमळीने लिहितात, हे मान्य केले पाहिजे. 2010 साली बेलेम बंदरातून नेस्लेची तरंगती दुकान-नौका अॅमेझॉनकाठच्या गावांत जाऊ लागली, ती हकिकत मुळातूनच वाचावी. पण वाचकाला त्यांचा सल्ला आहे तो धूम्रपान सोडण्याच्या पुस्तकासारखा : खात खात वाचा, आपोआप नकोसे होईल. नकोसे झाल्यावर खायचे काय? हॉल यांच्याच प्रयोगात आठवड्याच्या साध्या जेवणाच्या जिनसांना 151 डॉलर लागत होते, अतिप्रक्रियितला 106. शिवाय स्वयंपाक रुग्णालयाच्या मुदपाकखान्याने केला. दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करून संध्याकाळी परतणाऱ्या बाईचा वेळ आणि गॅस या हिशेबात नाहीत.

ब्राझीलमध्ये घरातील अन्नतुटवडा मोजणारी स्वतंत्र प्रश्नावलीही आहे. 2004 पासून राष्ट्रीय पाहणीत ती वापरतात. दोन्ही प्रश्नावल्या त्याच स्त्रीला, महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात विचाराव्यात. गुण आठवड्यागणिक हलले, तर 'व्यसन' या शब्दाचा फेरविचार करावा लागेल.

रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी जर्मनीत कोळशापासून बनवलेल्या लोण्याचे प्रकरण आधी वाचावे. वर्गात सांगण्यासारखे आहे.