मक्षिकास्थाने मक्षिका

कारकुनी पेशाची जेवढी बदनामी माशीने केली आहे तेवढी साहेबानेही केलेली नाही. काम नसलं की आम्ही माशा मारतो आणि काम असलं की मक्षिकास्थाने मक्षिका करतो. मूळ कागदावर माशी चिरडलेली होती म्हणून नकलेवरही नेमक्या त्याच जागी एक माशी मारून चिकटवणारा तो आद्य कारकून कोण होता, देव जाणे. पण साहित्यात जे वाल्मीकीचं स्थान तेच आमच्या धंद्यात त्याचं. त्यामुळे माशीची हुबेहूब नक्कल करणं ही एक मान्यताप्राप्त कला आहे आणि तिच्यावर जाडजूड ग्रंथ आहेत, हे कळलं तेव्हा बी.कॉम. झाल्याचं पहिल्यांदाच समाधान वाटलं.

हे कळायला कारण आमच्या सोसायटीतले काका. सोसायटी म्हणजे पूर्वीचा वाडाच. सदाशिव पेठेत वाडा पडला तरी भांडणं आणि माणसं तीच राहतात. काका निवृत्त इंजिनिअर. मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहिले आणि येताना बदाम आणायचे सोडून गळाला लावायच्या कृत्रिम माशा बांधण्याची पेटी घेऊन आले. नागनाथ पारापासून हाकेच्या अंतरावर! आमच्या भागात मासा एरवी फक्त राशिभविष्यात येतो, तोही मीन या नावाने. काकांनी मला अभिप्राय विचारला. पेठेत अभिप्राय न विचारताही मिळतो. विचारल्यावर मात्र तो नीट द्यावा लागतो. म्हणून हा समीक्षेचा प्रपंच.

आधी विषय समजावून घेऊ. ट्राउट नावाचा मासा पाण्यावरचे आणि पाण्यातले बारीकसारीक किडे खाऊन जगतो. त्या किड्याचा भास होईल असं काहीतरी पीस, लोकर, दोरा वापरून गळावर बांधायचं, ही झाली माशी. कल्पना नवी नाही. इसवी सनाच्या 200 च्या सुमारास इलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या लोकांची कृती लिहून ठेवली आहे: गळाला लाल लोकर गुंडाळा आणि कोंबड्याची दोन पिसं लावा. एवढंच. पुढे 1496 साली इंग्लंडात छापलेल्या एका प्रबंधात बारा माशांची यादी आली. बारा! काकांच्या कॅटलॉगात बाराशे तरी असाव्यात, आणि कॅटलॉग वाचून झाल्यावर काकूंनी तो उंच फडताळात ठेवला आहे.

काकांचा ओढा सगळ्यात बारीक माशांकडे. इथे गळाचे नंबर उलटे चालतात. 10 नंबरचा गळ मोठा, 22 नंबरचा म्हणजे तांदळाची कणी. आकडा वाढेल तसा माल कमी, हे तत्त्व आम्हाला पगारवाढीच्या करारांमुळे परिचित आहे. दोऱ्याचंही तसंच. सहा शून्यांच्या दोऱ्यापेक्षा आठ शून्यांचा दोरा बारीक. बँकेत शून्यं वाढली की मॅनेजर खुर्ची देतो. इथे शून्यं वाढली की चष्मा लागतो. दुसरं माप डेनियर. 9000 मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. काकांचा दोरा 70 डेनियरचा, म्हणजे आमच्या गच्चीपासून हडपसरपर्यंत ताणला तर वजन 70 ग्रॅम. हे ऐकून मी आदराने दोन पावलं मागे सरलो.

आता हत्यारं. काकांच्या पेटीत चाळीसेक वस्तू आहेत आणि माझं स्पष्ट मत आहे की त्यातल्या पस्तीस वस्तू पेटी बनवणाऱ्याच्या सोयीसाठी आहेत. खरी गरज शेगड्याची, म्हणजे गळ घट्ट धरणाऱ्या छोट्या व्हाइसची. त्याच्या जबड्याची टोकं निमुळती हवीत, नाहीतर कणीएवढा गळ त्यातच बुडतो आणि बांधायला उरतो फक्त जबडा. दुसरी वस्तू बॉबिन. तिच्या नळीची कड गुळगुळीत हवी. कड धारदार असेल तर दोरा ऐन मोक्याला तुटतो. म्हणून जाणकार सिरॅमिकची नळी घेतात. तिसरी कात्री. टोक सुईसारखं हवं आणि तांब्याची तार त्या टोकाने कधीही कापू नये, मुळाशी कापावी. चांगली कात्री घरात दिसली की दुधाची पिशवी तिनेच कापली जाते, हा मात्र कॅटलॉगाबाहेरचा प्रश्न आहे.

बाकी सामान हौसेचं. शेवटची गाठ मारायला वेगळं यंत्र मिळतं. पण रिफिल काढलेल्या बॉलपेनची निमुळती नळी गळाच्या डोळ्यावर धरून तिच्यावरून दोरा सरकवला की गाठ बसते. हा शोध मी काकांना सांगितला तेव्हा ते गप्प झाले. कारण अशा पेनांचा साठा बँकेत साखळीला बांधून ठेवलेला असतो हे त्यांनाही ठाऊक आहे. गाठीवर लावायच्या खास लाखेऐवजी नखांना लावायचं रंगहीन पॉलिश चालतं. ते तुळशीबागेत मिळतं. काकांनी ते मागितलं तेव्हा दुकानदाराने ‘काकूंना कुठला रंग आवडतो?’ असं विचारलं, आणि काका खरं कारण सांगत बसले. दुकानदाराला ते पटलं नाही.

माशीचं अंग भरण्यासाठी मेण लावलेल्या दोऱ्यावर सशाची लव चिमटीने पिळतात. काका हे आठवडाभर शिकत होते. माझी आत्या लक्ष वातींचं व्रत केलेली. ती एकदा बघत उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘अहो, ही तर वात! कापूस जास्त घेताय तुम्ही.’’ झालं. नवशिक्याच्या माशीचा पहिला दोष हाच, हे काकांच्या पुस्तकात बावीस पानं खर्चून सांगितलं आहे. दुसरा दोष, डोळ्याजवळ जागा न सोडणं. शेपूट ऐसपैस, अंग गुबगुबीत, आणि शेवटी पीस गुंडाळायला, गाठ मारायला जागाच नाही. मराठी कथेचे परिच्छेद असे शेवटाला कोंबलेले मी कैक दिवाळी अंकांत पाहिले आहेत. बारीक माशीत दोऱ्याचा एक फालतू वेढासुद्धा लठ्ठपणा दाखवतो. पिसाच्या तंतूंची लांबी गळाच्या उघड्या तोंडाच्या दीड ते दोन पट. त्याहून लांब झाली तर माशी न दिसता झाडू दिसतो.

या कलेतही पक्ष आहेत. हाल्फर्ड नावाच्या इंग्रजाने 1886 साली तरंगत्या माशांवर ग्रंथ लिहिला. त्याचा आग्रह की पाण्यावर जो किडा आहे त्याचीच अचूक प्रतिकृती हवी. म्हणजे आमच्याच पंथाचा माणूस. मग स्क्यूज नावाचा वकील उभा राहिला. 1910 च्या पुस्तकात त्याने सांगितलं की मासा बहुतेक वेळ पाण्याखालीच जेवतो, तेव्हा तुम्हीही खाली उतरा. यावर जे रण माजलं त्यापुढे फडके-खांडेकरांचा वाद म्हणजे हळदीकुंकू. मला विचाराल तर दोघांपेक्षा फ्रँक सॉयर मोठा. हा एव्हन नदीचा पगारी राखणदार. त्याची निम्फ फक्त दोन वस्तूंची: फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची तार. तारच वजन देते आणि तारच दोऱ्याचं काम करते. अमेरिकेतली ग्रिफिथ्स नॅट ही चिलटाएवढी माशीही दोन वस्तूंची: कोंबड्याचं कबरं पीस आणि मोरपिसाचा तंतू. मोरपीस! ज्याच्या निर्यातीला आपल्याकडे बंदी आहे आणि जे आमच्या देवघरात कुंच्याला पडून आहे.

याच्या उलट टोकाला सामन माशाच्या माशा. त्यांचा पंडितकवी केल्सन. त्याचा ग्रंथ 1895 चा. एकेका माशीत टूकन, मकाव, माळढोकाचे भाऊबंद, आणि आमच्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाच्या थेंबासारखे चमकदार ठिपके असतात, आणि त्या ठिपक्यांपायी या कोंबड्याच्या माना वर्षानुवर्षं विलायतेला गेल्या. कुणासाठी? तर सामन मासा समुद्रातून नदीत शिरला की जेवतच नाही. उपाशी माशाला भुलवायला जगभरचे पक्षी! त्याला लोकरीचा गोंडासुद्धा चालला असता. पण ही माशी माशासाठी नसतेच, दुसऱ्या बांधणाऱ्याला जळवण्यासाठी असते. 2009 साली लंडनच्या संगीत अकादमीत बासरी शिकणाऱ्या एका अमेरिकन विद्यार्थ्याने ट्रिंगच्या संग्रहालयातून 299 पक्ष्यांची कातडी चोरली, ती अशाच बांधणाऱ्यांना पिसं विकायला. त्यांतली काही वॉलेससारख्या निसर्गशास्त्रज्ञाने हयात घालवून जमवलेली. चोराने विकण्यापूर्वी अनेकांच्या पायाच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. पक्षी कुठे, कधी मिळाला ती नोंद गेली की शास्त्राला त्याचा उपयोग सरला. व्हाउचर फाडून टाकलेली एंट्री कशी असते हे मला माहीत आहे. म्हणून या कलेच्या त्या शाखेला माझ्याकडून शून्य मार्क.

काकांच्या शाखेला मात्र मी पास करतो, एका अडचणीसह. त्यांनी परवा मुठेकाठच्या चिलटाची 22 नंबरवर हुबेहूब प्रतिकृती केली. मोरपिसाचा तंतू, कोंबड्याचं पीस, डोळ्याजवळ जागा, वात प्रमाणात. आत्यासुद्धा ‘‘जमली,’’ म्हणाली. आता कलाकृतीला वाचक हवा. 1839 साली कर्नल साइक्सने पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या महसीरला शास्त्रीय नाव दिलं, ‘खुद्री’. दख्खनच्या माशांना नावं देताना त्याने मराठी नावंच लॅटिनात नेऊन बसवली: कोळस, मुसुल्ला, पोटिल. जगातल्या कुठल्याही संग्रहालयात ती तशीच लिहावी लागतात. टाटांनी लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी महसीरची पिल्लं वाढवून ठिकठिकाणच्या नद्यांत सोडली. पण लकडी पुलावरून खाली पाहिलं तर दिसते ती जलपर्णी आणि फेस. तसल्या पाण्यात चिलटं उत्तम पोसतात. म्हणजे मूळ प्रत उदंड, नक्कल अव्वल, आणि तपासणारा अधिकारी बदलून गेलेला.

मी काकांना म्हटलं, ‘‘वळवणला घेऊन चला ना.’’

‘‘मोठ्या महसीरला असली चिलटं कुठे पुरतात?’’ काका म्हणाले. ‘‘त्याला चमचा लागतो. गळावरचा चकचकीत चमचा.’’

आमच्या हेड ऑफिसातल्या बऱ्याच बढत्यांचा उलगडा मला त्या क्षणी झाला. काकांनी माशी हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवली आणि 24 नंबरचा गळ शेगड्यात धरला.