बळीच्या बकऱ्याचे रूपक : ‘ब्रेकर मोरँट’च्या निमित्ताने

बोअर युद्धात ब्रिटिश बाजूने लढणाऱ्या एका अनियमित घोडदळ पथकातील लेफ्टनंट मोरँट व हँडकॉक यांना युद्धकैद्यांच्या हत्येबद्दल २७ फेब्रुवारी १९०२ रोजी प्रिटोरिया येथे गोळ्या घालण्यात आल्या. त्यांचा सहआरोपी जॉर्ज विटन याने १९०७ साली लिहिलेल्या पुस्तकाच्या शीर्षकातच या तिघांना ‘साम्राज्याचे बळीचे बकरे’ ठरविले. केनेथ रॉसचे नाटक आणि त्यावर आधारलेला ब्रूस बेरेसफोर्डचा ‘ब्रेकर मोरँट’ (१९८०) हा चित्रपट यांचे आकलनही बहुधा याच रूपकाच्या आधारे केले जाते.

हे रूपक तपासून पाहावयास हवे. बळीचा बकरा निरपराध असतो. दोष असतो तो बळी देणाऱ्यांचा. कैदी घेऊ नयेत असा तोंडी हुकूम वरून आला होता, हा आरोपींचा बचाव खरा मानला तरी त्यातून वरिष्ठांचा अपराध सिद्ध होतो, कनिष्ठांचे निरपराधित्व नव्हे. रूपक मात्र हे दोन प्रश्न एकच करून टाकते.

चित्रपटाची संहिता या रूपकाहून अधिक प्रामाणिक आहे. मिशनरी हेसे याच्या हत्येच्या आरोपातून न्यायालय आरोपींना मुक्त करते. प्रेक्षकाला मात्र ती हत्या हँडकॉकनेच केल्याचे दाखविले जाते. आपण कोणत्या नियमाने वागलो, या प्रश्नाला मोरँट आपल्या बंदुकीच्या गोळीचा क्रमांक उत्तरादाखल देतो. सूडाने कायद्याची जागा घेतल्याची ही उघड कबुलीच होय. तरीही सहानुभूती ढळत नाही. याचे कारण खटल्याच्या नाट्यरूपात शोधावे लागते. आरोपींना वाणी आहे, विनोद आहे, मोरँटला तर कवित्वही आहे. मारल्या गेलेल्या बोअरांना केवळ देह आहे.

आणखी एक मौन अधिक अर्थपूर्ण आहे. या हत्यांविरुद्ध लेखी तक्रार केली ती त्याच पथकातील १५ सैनिकांनी, ऑक्टोबर १९०१ मध्ये. चित्रपटात विरोधी साक्षीदार येतात ते प्रामुख्याने आकस धरलेली माणसे म्हणून. परिणामी दोनच ध्रुव उरतात : निर्दय साम्राज्य आणि त्याने फसविलेला शिपाई. हुकूम आणि गुन्हा यांतील भेद ओळखणारा तिसरा सैनिक कथेबाहेर राहतो. शिस्त म्हणजे निव्वळ आज्ञापालन नव्हे, हे ज्याच्या कृतीने सिद्ध झाले असते, तो हाच.