विटेची व्युत्पत्ती

'इष्टका' म्हणजे वीट. आपला मराठी 'वीट' हा शब्दही तिथूनच उतरला. शतपथ ब्राह्मणाच्या सहाव्या कांडात 'इष्टके'ची व्युत्पत्ती दिली आहे: 'इष्टा'पासून, म्हणजे यज्ञात जे अर्पिले त्यापासून झाल्या, म्हणून इष्टका. चिखल कोणी तुडवला, साचा कोणाचा, भट्टी कोणी लावली? व्युत्पत्तीत यातले कोणीच नाही. विटेचे श्रेय यज्ञाच्या खात्यावर जमा!

भाषाशास्त्रापुढे मात्र ही व्युत्पत्ती टिकत नाही. अवेस्तात विटेला 'इश्त्य' म्हणतात, प्राचीन फारसीत 'इश्ति'. म्हणजे हे नाम भारतीय आणि इराणी शाखा वेगळ्या होण्यापूर्वीचे. संस्कृतात 'यज्'चे 'इष्ट' होते. अवेस्तात त्याच धातूचे 'यश्त' होते. मग त्या धातूतून इराणी वीट निघणार कशी? शिवाय ऋग्वेदात 'इष्टका' नाहीच. ती यजुर्वेदात, अग्निचयनाबरोबर येते.

लायडनचे भाषाशास्त्रज्ञ अलेक्सांडर लुबोत्स्की यांनी २००१ साली असे अनेक इंडो-इराणी शब्द उसने असल्याचे मांडले. आजच्या तुर्कमेनिस्तानात, गोनुर येथे, इ.स.पूर्व २००० च्या आसपास कच्च्या विटांची तटबंदी आणि वाडे उभे होते. गुरे राखत आलेल्यांनी अशा नगरांतल्या लोकांकडून वीट घेतली आणि तिचे नावही घेतले, हे अनुमान मला पटते. त्या लोकांची भाषा लिहिलेली सापडलेली नाही, म्हणून ते अनुमानच राहते. पण लुबोत्स्कींची यादी पाहा: 'उष्ट्र', 'खर', आणि त्यांच्याच पंगतीला 'ऋषि' अन् 'अथर्वन्'! पुरोहिताचे नावच परक्या घरचे निघाले, तर देववाणीच्या सोवळ्याला अर्थ काय उरतो?

एक आक्षेप लुबोत्स्कींवरही घ्यावा लागतो. या शब्दांच्या मूळ भाषेला ते 'अधःस्तर' म्हणतात. शास्त्राची रूढ परिभाषा आहे, मान्य. पण ज्यांनी घर बांधायला शिकवले त्यांना खालचा थर म्हणण्याची ही सवय आपल्या चांगल्या ओळखीची आहे.

शतपथाने वेदीच्या विटांची संख्या १०,८०० सांगितली, आणि त्यातली 'अषाढा' यजमानपत्नीने घडवावी, हेही सांगितले. उरलेल्या विटांना हात कोणाचे लागले? इराणचा सम्राट पहिला दारियस याने सुसाच्या राजवाड्याच्या लेखात निदान एवढे कोरून ठेवले, की विटा पाडल्या त्या बाबिलोनच्या लोकांनी.