सॉनिक पायमधला मारवा हा मारवा आहे का?

शोधनिबंध वाचताना तीन प्रश्न हाताशी ठेवा, असं मी इथे बऱ्याचदा म्हणत आले आहे. लेखकाचा दावा काय आहे? तो कशावर उभा आहे? आणि त्याने काय बाजूला ठेवलंय? हेच प्रश्न सॉफ्टवेअरलाही विचारता येतात. पीएचडीला आल्यावर आपण दिवसभर कुठलं ना कुठलं साधन वापरत असतो, पण त्याची समीक्षा सहसा कुणी करत नाही. 'चालतंय ना? मग झालं.' म्हणून आज निबंधाऐवजी एक साधन घेऊ.

सॉनिक पाय म्हणजे कोड लिहून संगीत वाजवायचं सॉफ्टवेअर. सॅम आरन यांनी केंब्रिज विद्यापीठात 2012 मध्ये त्यावर काम सुरू केलं, तेही रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकासाठी. आत आवाज तयार करायचं काम सुपरकोलायडर करतं आणि लिहायची भाषा रुबीवर बेतलेली आहे. ते मोफत आहे, मुक्तस्रोत आहे आणि साध्या लॅपटॉपवरही चालतं. मुलांना प्रोग्रामिंग शिकवावं हा मूळ हेतू. पण आरन स्वतः त्यावर मंचावर कार्यक्रमही करतात. पडद्यावर कोड दिसत असतो, ते तो चालू असतानाच बदलतात आणि संगीत बदलत जातं. याला लाइव्ह कोडिंग म्हणतात.

म्हणजे दावा दुहेरी आहे. हे शिकायचं साधन आहे आणि वाजवायचं वाद्यही आहे. दोन्ही बाजू तपासू.

काळाच्या बाबतीत दावा खरा आहे

सॉनिक पायमध्ये पहिल्या पाच मिनिटांत दोन शब्द शिकायचे असतात: 'प्ले' आणि 'स्लीप'. 'प्ले 60' लिहिलं की हार्मोनियमवरची मधल्या सप्तकातली पांढरी एक वाजते, 61 ला काळी एक. 'स्लीप 1' म्हणजे एक मात्रा थांब. सुरुवातीची लय मिनिटाला 60 मात्रांची, म्हणजे एक मात्रा बरोबर एक सेकंदाची.

यात विशेष काय, असं वाटेल. विशेष 'स्लीप'मध्ये आहे. साध्या प्रोग्रामिंग भाषेत 'एक सेकंद थांब' म्हटलं की प्रोग्राम एक सेकंद थांबतो, पण थांबण्याआधीच्या कामाला लागलेला वेळ वेगळा पडतो. समजा प्रत्येक मात्रेला दोन शतांश सेकंद जास्त गेले, तर सोळा मात्रांच्या एका आवर्तनात सुमारे तृतीयांश सेकंद चुकला. दोन लूप शेजारी चालत असतील तर ते थोड्याच वेळात एकमेकांना सोडून जातील. सॉनिक पायचं 'स्लीप' आधीच खर्च झालेला वेळ वजा करून उरलेला तेवढाच थांबतं. ही कल्पना नीट मांडणारा निबंध आरन, डॉमिनिक ऑर्चर्ड आणि अ‍ॅलन ब्लॅकवेल यांनी 2014 मध्ये लिहिला. ज्यांना संगणकशास्त्रात संशोधन करायचंय त्यांनी तो जरूर वाचावा. मुलांसाठी केलेल्या खेळण्यातून भाषेच्या सिद्धांतातला खरा प्रश्न कसा निघतो, ते त्यात दिसतं.

दुसरी गोष्ट 'लाइव्ह लूप'. चालू लूपमध्ये तुम्ही बदल केला तर तो तिथल्या तिथे लागू होत नाही. चालू फेरी पूर्ण होते आणि पुढच्या फेरीपासून बदल ऐकू येतो. सोळा मात्रांचा लूप लिहिलात तर तुमचा प्रत्येक बदल समेवर येतो! तालाची ओळख असलेल्या मुलाला हे लगेच कळतं. ज्याला ओळख नाही, त्याला आवर्तन म्हणजे काय ते व्याख्येशिवाय कळतं.

तबल्याचे मुद्रित बोलही त्यात आहेत: ना, घे, के, तुन वगैरे. गंमत म्हणजे 'धा' असा आयता बोल मिळत नाही. तो 'ना' आणि 'घे' एकाच वेळी वाजवून बनवावा लागतो. त्रितालाचा ठेका लिहायला बसलात की खालीच्या भागातून 'घे'च्या ओळी काढून टाकाव्या लागतात. खालीला डग्गा गप्प होतो हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्या ओळी स्वतः पुसणं वेगळं. इथे हे साधन चांगल्या शिक्षकासारखं वागतं. आणि लूपमध्ये 'स्लीप' लिहायलाच विसरलात तर ते अडतं आणि सांगतं की हा लूप झोपलाच नाही. पहिल्याच दिवशी मिळणारी ही चूक विद्यार्थ्याला सांगून जाते की वेळ न घेणारं संगीत असत नाही.

स्वराच्या बाबतीत मात्र थांबा

सॉनिक पायमध्ये स्वरसप्तकांची लांबलचक यादी आहे. त्यात युरोपीय मेजर-मायनर आहेत, जपानी आहेत आणि आपल्या ओळखीची नावंही आहेत: भैरव, अहिरभैरव, तोडी, पूर्वी, मारवा. शिवाय 'इंडियन' आणि 'हिंदू' अशीही दोन नावं आहेत. ती नेमक्या कुठल्या परंपरेतून आली, हे नावावरून कळायला मार्ग नाही.

आता 'मारवा' निवडा आणि सरळ आरोह वाजवा. सा, कोमल रे, शुद्ध ग, तीव्र म, आणि पाचवा स्वर पंचम. इथे कुठलाही गाणारा माणूस कान टवकारेल. मारवा रागात पंचम वर्ज्य आहे. तो लागला की मारवा संपला.

मग सॉफ्टवेअर चुकलं का? पूर्णपणे नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी रागांचं वर्गीकरण करण्यासाठी दहा थाट मानले, त्यांतल्या एकाचं नाव मारवा. थाट सात स्वरांचा असतो, त्यामुळे मारवा थाटात पंचम आहे. त्या थाटातल्या मारवा रागात तो नाही. थाट ही वर्गीकरणाची सोय आहे, राग ही गायची गोष्ट. यादीत उरलं ते फक्त नाव आणि सात अंक. हे नाव थाटाचं की रागाचं, ते कुठेच लिहिलेलं नाही. अहिरभैरव तर दहा थाटांत नाहीच, म्हणजे एकाच यादीत थाटही आहेत आणि रागही.

पुढे जाऊ. समजा पंचम काढून टाकला. आता उरलेले स्वर मारव्याचे झाले का? तेच स्वर पूरियाचे आहेत आणि सोहनीचेही. मारव्यात कोमल रिषभ आणि धैवत यांना महत्त्व, षड्जावर विसावणं शक्यतो टाळायचं. पूरिया मंद्राकडे झुकतो, गंधार-निषादावर उभा राहतो. सोहनी तार षड्जाच्या आसपास खेळते. तीन राग, स्वर तेच. म्हणजे सॉफ्टवेअरने ज्याला नाव दिलं, त्या सात अंकांमध्ये राग कुठला हे ठरवणारी माहितीच नाही. तेवढ्या माहितीवर तुम्ही किती का कोड लिहा, उत्तर निघणार नाही.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हा परिच्छेद जरा सावकाश वाचावा. 'मशीन लर्निंग वापरून राग ओळखणे' हा विषय दरवर्षी कुणी ना कुणी प्रकल्पाला घेतं. त्यातले बरेच जण सप्तकांच्या अशाच आयत्या यादीपासून सुरुवात करतात, कारण ती समोर असते. पण ज्यांनी हे काम नीट केलंय त्यांनी प्रश्न वेगळ्या ठिकाणाहून उचललाय. आयआयटी मुंबईत प्रा. प्रीती राव यांच्या गटाने भूप आणि देशकार यांसारख्या जोड्या मुद्दाम घेतल्या, कारण त्यांचे स्वर तेच आहेत. मग फरक कुठे सापडतो, ते त्यांनी प्रत्यक्ष गायनाच्या ध्वनिमुद्रणांतून स्वराची वळणं काढून तपासलं. बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठात झेवियर सेरा यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या कॉम्पम्युझिक प्रकल्पातही हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीतासाठी ध्वनिमुद्रणांचे संग्रह आधी नीट बांधले गेले. दोन्हीकडे सुरुवात गाण्यापासून झाली आहे.

बारा खाने आणि त्यांच्यामधली जागा

आकड्यांचा हा घोळ सॉनिक पायने सुरू केलेला नाही. 60 म्हणजे पांढरी एक ही पद्धत मिडी या 1983 च्या मानकातली. 0 ते 127 असे स्वरांचे क्रमांक, सप्तकाचे बारा समान भाग, एका भागाचे शंभर सेंट. सारखे भाग केल्यामुळे गंधार षड्जापासून 400 सेंटवर येतो. तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार साधारण 386 सेंटवर असतो.

असा वाद आपल्याकडे आधी होऊन गेलाय. हार्मोनियमच्या ठरावीक पट्ट्यांत श्रुती आणि मींड बसत नाहीत म्हणून आकाशवाणीने 1940 मध्ये त्यावर बंदी घातली, ती पुढची तीन दशकं टिकली. त्या काळात मैफलीत हार्मोनियम वाजतच होती. गायक तिच्या आधाराने गात, पण तिच्या पट्ट्यांत अडकत नसत, कारण स्वर कुठे लावायचा हे त्यांच्या गळ्याला आणि कानाला आधीच माहीत होतं.

सॉनिक पायच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. ते हार्मोनियमपेक्षा लवचीक आहे. '63.86' असा अपूर्णांक दिला तर तो तानपुऱ्याजवळचा गंधार वाजवतं. वाजत असलेला स्वर हळूहळू दुसऱ्या स्वरावर सरकवता येतो, म्हणजे मींडही जमते. समान भागांऐवजी शुद्ध गुणोत्तरांची जुळणीही निवडता येते. सोय आहे, पण ती वापरायची गरज आहे हे कळायला आधी कान लागतो, आणि तो तयार करायचं काम हे सॉफ्टवेअर करत नाही. तुम्ही भैरवातला रिषभ आंदोलन न देता सपाट वाजवलात तर ते काहीही म्हणणार नाही. कोडमध्ये स्वल्पविराम चुकला तर लगेच बोलेल. माझा मुख्य आक्षेप हाच आहे. हे साधन प्रोग्रामिंगची चूक दाखवतं, संगीताची दाखवत नाही. मग शिकणाऱ्याला वाटू लागतं की लाल अक्षरं आली नाहीत म्हणजे गाणं बरोबर आहे.

वाद्य म्हणून

मंचावर वाजवायचं असेल तर आणखी एक मर्यादा. स्वर वेळेवर पडावेत म्हणून सॉनिक पाय सगळं अर्धा सेकंद आधी आखून ठेवतं. एकटं वाजवताना हे जाणवत नाही. पण गायकाबरोबर बसलात तर अर्धा सेकंद फार मोठा असतो. हा विलंब काढून टाकायची आज्ञा आहे, पण तेव्हा वेळेच्या अचूकपणाची हमीही कमी होते. साथ म्हणजे समोरच्याला ऐकून त्याच क्षणी उत्तर देणं. सॉनिक पायची ताकद आधी ठरवलेलं अचूक घडवण्यात आहे.

यातला यादृच्छिकपणासुद्धा ठरलेला आहे. 'कुठलाही स्वर निवड' असं सांगितलं तरी पुन्हा चालवल्यावर तेच स्वर त्याच क्रमाने येतात. बीजसंख्या बदलली तरच क्रम बदलतो. संशोधकाला हे आवडेल: कोड पाठवला की दुसऱ्याकडेही तेच ऐकू येतं, प्रयोग जसाच्या तसा पुन्हा होतो. फक्त याला उपज म्हणू नका. उपज गाणाऱ्याला त्या वेळी काय ऐकू आलं त्यावर ठरते.

मग शिकायचं का?

जरूर शिका. ज्या गावात शिकवायला कुणी नाही, घरात वाद्य नाही, तिथे एक जुना लॅपटॉप आणि हेडफोन यांवर ताल, आवर्तन, लयीचे पट, दोन लूप एकमेकांत बसवणं हे सगळं खऱ्या अर्थाने शिकता येतं. त्यासाठी यापेक्षा चांगलं मोफत साधन मला माहीत नाही. स्वरासाठी मात्र सोबत ऐकणं हवंच. ज्या रागाचं नाव यादीत दिसेल, तो आधी दोन-तीन गायकांचा ऐका, मग कोड लिहा.

तुमच्यासाठी दोन प्रयोग. पहिला: 64 आणि 63.86 हे दोन स्वर एकत्र चार सेकंद वाजवा. सेकंदाला साधारण अडीच वेळा आवाज कमी-जास्त होताना ऐकू येईल. चौदा सेंटचा फरक म्हणजे काय, ते कानाने कळेल. दुसरा: 'मारवा' सप्तक घ्या, पंचम काढा आणि उरलेल्या स्वरांतून आधी मारवा, मग पूरिया वाजवायचा प्रयत्न करा. त्यासाठी सप्तकाशिवाय आणखी कुठली माहिती कोडमध्ये लिहावी लागली, त्याची यादी करा: कुठला स्वर किती वेळ, कुठून कुठे, कशावर थांबायचं. ती यादी जपून ठेवा. राग ओळखण्यावर प्रकल्प करायचा असेल तर तुमचा प्रस्ताव तिथून सुरू होईल.