"बीटी फेल गेला" म्हणजे नेमकं काय? बुर्किना फासोवरचा एक पेपर

बुर्किना फासोत बीटी कापूस फेल गेला, असं आपण सहज बोलून जातो. वाक्य खोटं नाही, पण अर्धवट आहे. उरलेलं अर्धं समजायला ब्रायन डाउड-उरिबे आणि मॅथ्यू श्नर यांचा 'आफ्रिकन अफेअर्स' या जर्नलमधला २०१६ चा छोटा पेपर वाचा. यवतमाळसारख्या पऱ्हाटीच्या जिल्ह्यातून आला असाल तर नक्कीच.

घडलं असं. तिथं २००८ मध्ये मोन्सँटोचं बोलगार्ड-२ व्यापारी पातळीवर आलं. अळी आटोक्यात आली, सहाच्या जागी दोन फवारण्यांत भागू लागलं. पण रुईचा धागा आखूड निघाला, जिनिंगमध्ये रुईचा उताराही घटला. शेवटी तिथल्या कापूस कंपन्यांनीच हे बियाणं मागे घेतलं.

शेतकऱ्याची फवारणी वाचत होती, मग बंद का केलं? याचं उत्तर जीनमध्ये नाही, फ्रान्सशी असलेल्या जुन्या नात्यात आहे. १९४९ मध्ये फ्रान्सनं वसाहतींतल्या कापसासाठी सीएफडीटी ही कंपनी काढली. बियाणं-खत उधारीवर द्यायचं आणि सगळा कापूस आपणच घ्यायचा, ही तिची पद्धत. देश १९६० ला स्वतंत्र झाला, १९७९ ला फ्रेंच भागीदारीत सोफिटेक्स उभी राहिली, पण साचा तोच राहिला. जो बियाणं देतो तोच रुई जगाच्या बाजारात विकतो. त्यामुळे आखूड धाग्याचा फटका थेट त्यालाच बसला, आणि बियाणं थांबवण्याची ताकदही त्याच्याच हातात होती.

आपल्याकडे बियाणं कृषी केंद्रातून येतं, कापूस व्यापारी किंवा सीसीआय घेते, जिनिंग तिसऱ्याचीच. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, पण २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली तोवर ती मोडकळीला आली होती. पुढे गुलाबी बोंडअळी बोलगार्ड-२ ला दाद देईनाशी झाली, तरी थांबा म्हणणारं एक कुणी नव्हतं.

एका जागी मात्र पेपर मला कमी पडतो. त्याचा भर धाग्यावर आणि कंपन्यांच्या तोट्यावर आहे. वाचलेल्या चार फवारण्या कुणाच्या खात्यात मांडायच्या? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. हे माहीत असणाऱ्याला फवारणी म्हणजे फक्त खर्चाचा आकडा वाटू शकत नाही.

म्हणून लिटरेचर रिव्ह्यू करताना प्रत्येक पेपरच्या मार्जिनमध्ये दोन प्रश्न लिहा: यश-अपयश कशानं मोजलंय? आणि ते माप कुणाच्या सोयीचं आहे? तुमचा रिसर्च गॅप बहुतेक वेळा तिथंच सापडतो.