अनवाणी गेनचे डोळे

जपानी चित्रकथा म्हटली की टपोरे डोळे, कपाळावरचा घामाचा थेंब आणि उजवीकडून डावीकडे वाचावयाची पाने, एवढेच पुष्कळांना ठाऊक असते. या खेळकर संकेतांना भीषणाचा भार पेलवेल काय, हा प्रश्न केजी नाकाझावा यांच्या ‘अनवाणी गेन’ने आम्हांस घातला.

1973 साली मुलांच्या एका साप्ताहिकात ही कथा क्रमशः सुरू झाली. 6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा नाकाझावा सहा वर्षांचे होते. शाळेच्या भिंतीआड ते वाचले. वडील, बहीण व धाकटा भाऊ मात्र गेले. घरचा तो प्रसंग त्यांनी पाहिला नव्हता, आईकडून ऐकला होता. चित्रात गेन तेथेच उभा आहे, जळत्या घराची तुळई उचलू पाहतो आहे. हसण्यासाठी रेखाटलेला तोच गोल चेहरा तोवर वाचकाच्या घरचा झालेला असतो, आणि त्याच साध्या रेषेत माणसांच्या हातांची कातडी लोंबू लागते. हुबेहूब चित्रापुढून आम्ही नजर वळविली असती. येथे ती वळत नाही.

दोष आहेतच. मारझोड विनोद म्हणून इतक्यांदा येते की कंटाळा यावा. पुढील खंड तर पसरट होत जातात.

2023 साली हिरोशिमाच्या शालेय शांतिपाठांतून ही कथा वगळण्यात आली. आजच्या मुलांना तो काळ उमजत नाही, असे कारण पुढे आले. आम्हांस ते पटत नाही. उमजत नसेल तर वडीलधाऱ्यांनी शेजारी बसून वाचावे. दहा खंडांपैकी पहिला तरी वाचावाच.