मुनाकाताचे दहा शिष्य

जपानी ठसेचित्रे म्हटली की होकुसाईची लाट आठवावी किंवा हिरोशिगेचा पाऊस, अशी आपली रीत. ती चित्रे गोड खरीच. पण त्यांत चितारणारा एक, लाकूड कोरणारा दुसरा आणि छापणारा तिसरा. शिको मुनाकाताने (१९०३-१९७५) ही तिन्ही कामे आपल्याच हातांनी केली. आओमोरीच्या लोहाराचा हा मुलगा. दृष्टी इतकी अधू, की फळीला जवळजवळ नाक टेकवूनच तो कोरीत असे.

१९३९ साली त्याने शाक्यमुनींचे दहा प्रमुख शिष्य आणि दोन बोधिसत्त्व कोरले. नारा येथील कोफुकुजी मंदिरातली सुभूतीची मूर्ती पाहून त्याला ही कल्पना सुचली. शिष्यांची नावे जपानी वळणाची : शारिहोत्सु, रागोरा, उबारी. जरा कान देऊन ऐकावे. आपले शारिपुत्र, राहुल आणि उपालीच ते, चीनमार्गे इतक्या लांब गेलेले!

फळ्या मीटरभर उंच आणि अरुंद. डोकी वरच्या कडेला भिडलेली, पावले खालच्या. भोवताली डोंगर नाही, ढग नाही. काळी शाई आणि तिला चिरीत गेलेल्या पांढऱ्या रेषा, एवढेच. देवादिकांच्या गुळगुळीत तसबिरींना सरावलेल्या डोळ्यांना हे चेहरे ओबडधोबड, क्वचित कुरूपही वाटतील. वाटू द्यावेत. उपाली तर शाक्यांचा न्हावी. त्याला राजपुत्राचे रूप कशाला? आपण काम करीत नाही, ते आपोआप घडते, असे मुनाकाता म्हणे. श्रद्धाळूचे बोलणे म्हणून ते ठीक. चित्र पाहणाऱ्याने मात्र ते जसेच्या तसे घेऊ नये. काळे कुठे राखायचे हे हाताला पक्के ठाऊक असल्यावाचून नुसत्या चीवराच्या घड्यांतून असा भारदस्त देह उभा राहत नाही.

बोधिसत्त्वांच्या मूळ फळ्या युद्धातल्या आगीत गेल्या. १९४८ साली त्याने त्या नव्याने कोरल्या. साओ पाउलो (१९५५) आणि व्हेनिस (१९५६) येथे मुनाकाताला पारितोषिके मिळाली, ती बरीचशी या संचाच्या बळावर. तरी मंजुश्री आणि समंतभद्र मला पाहुणेच वाटतात. घडीच्या पडद्यांवर चित्रे बसविली, की ते दोघे दोन टोकांना येतात. नजर खिळते ती मधल्या दहांवर.